डावी चकती, उजवी चकती

पंचगंगेच्या खोऱ्यात ऊस पिकवणाऱ्या माणसाला एक गोष्ट सहसा शिकवावी लागत नाही. नदीवरची मोटार दुरुस्त होऊन येते, वायरी जोडल्या जातात, खटका दाबला जातो आणि पाइपाच्या तोंडाशी पाणी येते. पण धारेला नेहमीचा जोर नसतो. अशा वेळी तो पंप खोलत बसत नाही. तीन वायरींपैकी कोणत्याही दोन वायरींची अदलाबदल करतो आणि धार पहिल्यासारखी होते. ‘उलटी फिरत होती’ एवढ्या तीन शब्दांत निदान संपते.

यातली विलक्षण गोष्ट अशी, की उलटा फिरणारा सेंट्रिफ्युगल पंप पाणी नदीत परत ओढत नाही. तो पाणी वरच फेकतो, फक्त कमी फेकतो. पूर्ण बंद पडला असता तर चूक पहिल्याच क्षणी कळली असती. तो काम करत राहतो, म्हणून चूक लपते. शेतकऱ्याला ती दिसते, कारण त्याच्या डोळ्यांसमोर धार असते आणि कालची धार त्याच्या लक्षात असते.

मोटारगाडीच्या ब्रेकच्या चकतीचा इतिहास सांगण्यासाठी पाण्याच्या पंपापासून सुरुवात केली, याचे कारण या दोन वस्तूंचे नाते सख्खे आहे. चाकाआड जी बिडाची चकती फिरते आणि पाय दाबला की जिला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटीत धरतात, तिला गॅरेजमध्ये ‘डिस्क’ म्हणतात. सुट्या भागांच्या याद्यांत ती ‘रोटर’ म्हणून येते. ती झिजते आणि बदलावी लागते. बऱ्याच गाड्यांच्या पुढच्या चाकांची चकती भरीव नसते. दोन पातळ चकत्या आणि त्यांच्या मधल्या फटीत उभ्या पात्यांची रांग, अशी तिची रचना असते. हवा चकतीच्या मध्याकडून आत शिरते, फिरत्या पात्यांमधून बाहेर ढकलली जाते आणि कडेने निघून जाते. जाताना ब्रेकची उष्णता घेऊन जाते. म्हणजे ही चकती हवेचा पंपच आहे, फक्त त्याला कवच नाही. पाती सरळ असतील तर चकती कोणत्याही बाजूला चालते. पाती वक्र असतील तर डाव्या चाकाची चकती वेगळी आणि उजव्या चाकाची वेगळी. त्यांची अदलाबदल झाली तरी बोल्ट बसतात, चाक बसते, ब्रेकही लागतो. उलट्या पंपासारखीच ती काम करत राहते, फक्त हवा कमी ओढते. आणि इथे बघायला धार नसते.

पाते वक्र असावे, आणि ते फिरण्याच्या दिशेच्या उलट, मागे रेललेले असावे, हे ज्ञान मोटारगाडीपेक्षा जुने आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस दनी पापँ या फ्रेंच संशोधकाने केंद्रापसारी पंपाची कल्पना प्रत्यक्षात आणली. त्याची पाती सरळ होती. पुढे दीडशे वर्षे हे यंत्र कुतूहलाची वस्तू म्हणूनच राहिले. १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनात जॉन अ‍ॅपोल्ड या इंग्रजाने वक्र पात्यांचा पंप मांडला आणि तिथे झालेल्या चाचण्यांनी वाद मिटवला. केंद्रातून किरणांसारखी सरळ निघालेली पाती लावली तेव्हा कार्यक्षमता २४ टक्के भरली. सरळच पण तिरकी लावली तेव्हा ४३ टक्के. वक्र पात्यांना ६८ टक्के. आकडे पंपाचे आहेत, ते जसेच्या तसे ब्रेकला लागू करता येणार नाहीत. पण कारण एकच आहे. आत येणारा प्रवाह, मग तो पाण्याचा असो वा हवेचा, पात्याच्या सुरुवातीच्या टोकाला ज्या कोनात भेटतो, त्या कोनात पाते नसेल तर तो पात्यावर आदळतो, भोवरे करतो, आणि फिरवणाऱ्याची शक्ती त्या भोवऱ्यांत जाते.

हे ज्ञान लंडनहून कोल्हापूरला कसे आले? पुस्तकांतून फारसे नाही. ते उसाच्या मागून आले.

शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८९४ ते १९२२ या काळात, कोल्हापुरात गुळाची पेठ वसली आणि राधानगरीच्या धरणाचे काम हाती घेतले गेले. पेठ असली की ऊस वाढतो, ऊस वाढला की पाणी लागते. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी या नद्यांचे पाणी फळ्या टाकून अडवण्याची जी पद्धत या भागात रुळली, ती पुढे महाराष्ट्रभर ‘कोल्हापुरी बंधारा’ या नावानेच ओळखली जाऊ लागली. बंधाऱ्यामागचे पाणी मात्र शेताच्या खाली असते. ते वर चढवायला मोट पुरेशी नव्हती. पंप हवा होता आणि पंप फिरवायला इंजिन.

शेजारीच किर्लोस्करवाडी होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावहून बिऱ्हाड हलवून १९१० साली औंध संस्थानच्या माळावर ती वसवली, तेव्हा त्यांचा मुख्य माल लोखंडी नांगर हा होता. नांगराला कच्चे बीड लागते आणि पहिल्या महायुद्धात ते मिळेनासे झाले. त्या वेळी शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या निरुपयोगी तोफा वितळवायला दिल्या, ही हकीकत कोल्हापूर भागात आजही अभिमानाने सांगितली जाते. तोफांचा नांगर झाला, हे काव्य त्यात आहेच. पण मला त्यातली धातूची बाजू अधिक महत्त्वाची वाटते. या मुलखात ओतकाम सुरुवातीपासून मोडीवर, टंचाईवर आणि मिळेल त्या मालावर उभे राहिले. १९२०च्या दशकात किर्लोस्करवाडीत सेंट्रिफ्युगल पंप तयार होऊ लागले आणि मागे रेललेल्या पात्यांचा साचा या भागातल्या मिस्त्रींच्या हाती आला.

पुढचा टप्पा कोल्हापूरच्या उद्यमनगराचा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात इथल्या छोट्या-छोट्या शेडांतून ऑइल इंजिने बनू लागली. सिलिंडर, पिस्टन, फ्लायव्हील, पंपाचे कवच, आतला पंखा, सगळे ओतीव. ज्याला शिक्षणाची कागदी ओळख नव्हती, पण लाकडातून साचा कोरता येत होता, असा माणूस या गावाला अपरिचित नव्हता. बाबूराव पेंटरांनी याच गावात लेथवर भाग कातून सिनेमाचा कॅमेरा तयार केला होता. पुढे वीज खेडोपाडी पोचली, नदीकाठी इंजिनाच्या जागी मोटार आली आणि ऑइल इंजिनाची मागणी ओसरली. तेव्हा या फाउंड्र्या बंद पडायला हव्या होत्या. तसे झाले नाही. त्या गाड्यांच्या कारखान्यांसाठी ओतीव भाग बनवू लागल्या. घाटगे-पाटील यांच्यासारखे घराणे तर मालवाहतुकीतून ओतकामाकडे आले. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि नंतर कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहती याच वळणावर वाढल्या. आज देशातल्या मोठ्या ओतकाम केंद्रांत कोल्हापूर मोजले जाते.

आपल्याकडे उद्योगांचा इतिहास बहुधा कारखानदाराच्या चरित्रातून लिहिला जातो. त्यात जिद्द असते, पहिली मशीन कर्ज काढून घेतल्याची तारीख असते, मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन असते. साच्याच्या पोटात वाळूचा गाभा बसवणारा माणूस त्यात नसतो. डाव्या-उजव्या चकतीचा प्रश्न मात्र त्याच्याच हातात असतो, म्हणून त्याच्याकडे परत यायचे आहे. त्याआधी ब्रेकचे थोडे.

दसऱ्याला दसरा चौकात शाही सोहळा होतो तेव्हा छत्रपतींचे कुटुंब जुन्या मेबॅक गाडीतून येते. लोक ती गाडी बघायला गर्दी करतात. ज्या विल्हेल्म मेबॅक यांचे नाव त्या गाडीवर आहे, त्यांनी विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी मोटारगाडीला ड्रमचा ब्रेक लावला; त्याचे पेटंट १९०२ साली घेतले ते मात्र फ्रान्सच्या लुई रेनॉने. ड्रममध्ये दोन अर्धवर्तुळाकार बूट आतून बाहेर दाबले जातात. दिशेचा प्रश्न तिथेही होताच. फिरणारा ड्रम एका बुटाला आणखी आत ओढून घेतो आणि दुसऱ्याला ढकलून देतो. म्हणून पुढे अनेक गाड्यांच्या पुढच्या चाकांत दोन्ही बूट ‘ओढले जाणारे’ ठेवले गेले. अशी गाडी पुढे जाताना झकास थांबे. चढावर मागे घसरू लागली की तोच ब्रेक दुबळा पडे. जुन्या ट्रकचा क्लीनर हातात दगड घेऊन चाकामागे पळायचा, त्यामागे इतरही कारणे होती, पण ब्रेकचा हा स्वभाव एक होता.

गंमत म्हणजे चकतीच्या ब्रेकचे पेटंटही १९०२ सालचेच आहे, इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांचे. त्यांनी तांब्याचे पॅड वापरले. धातूवर धातू घासून इतका कर्कश आवाज होई, की कल्पना बरोबर असूनही पन्नास वर्षे मागे पडली. ती विमानांच्या चाकांतून परत आली. १९५३ साली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जग्वारने डनलॉपच्या डिस्क ब्रेकवर जिंकली आणि १९५५ साली सित्रोएनने ‘डीएस’ या घरगुती गाडीला पुढे डिस्क दिल्या. चकती उघडी असल्यामुळे ड्रमपेक्षा लवकर गार होते, हा तिचा गुण. पण वेग आणि वजन वाढत गेले तसा तोही अपुरा पडू लागला, आणि १९६०च्या दशकात मधून हवा खेळणारी पोकळ चकती विकत मिळणाऱ्या गाड्यांत आली. १९६५च्या शेव्हर्ले कॉर्व्हेटला चारही चाकांवर ती होती. ब्रेक इथे येऊन पंपाला भेटला.

आता वाळूकडे. चकती बिडाची असते, आजही, आणि त्याला कारण आहे. बिडात कार्बन तीन-साडेतीन टक्के असतो आणि तो ग्राफाइटच्या सूक्ष्म पापुद्र्यांच्या रूपाने पसरलेला असतो. हे पापुद्रे उष्णता चटकन पसरवतात आणि थरथर शोषून घेतात, म्हणून बिडाची चकती पोलादापेक्षा कमी किंचाळते. लँचेस्टर ज्या आवाजाने हरले, त्यावरचा अर्धा इलाज स्वस्त बिडातच दडलेला होता. चकतीचे बाहेरचे रूप वाळूच्या साच्यात उमटते. आतली पोकळी मात्र वेगळ्या गाभ्याने घडते. कोल्हापुरात त्याला ‘कोअर’च म्हणतात. रेझिन लावलेली वाळू कोअर-पेटीत भरून घट्ट करायची, तो नाजूक गाभा साच्यात बसवायचा, वर रस ओतायचा. जिथे गाभ्यात फट, तिथे चकतीत पाते. ओतीव थंड झाले की गाभा फोडून वाळू झटकून टाकायची. पात्यांच्या दरम्यान थोडी वाळू अडकून राहिली तर तेवढा मार्ग कायमचा बंद, म्हणून शेवटी प्रत्येक खाच तपासायची.

पाती सरळ असतील तर कोअर-पेटी एक पुरते. वक्र असतील तर दोन लागतात, आरशातल्या प्रतिमेसारख्या. मग दोन गाभे, दोन क्रमांक, गोदामात दोन कप्पे, दुकानात दोन खोकी. जाणकाराला माहीत असूनही रोजच्या वापराच्या बहुतेक गाड्यांना सरळ पाती किंवा छोटे खांब का असतात, याचे उत्तर या हिशोबात आहे. सतराव्या-अठराव्या शतकात युरोपातले चांभार डाव्या-उजव्या पायासाठी एकाच लाकडी कलबुतावर जोडे बनवत. पाय दोन वेगळे आहेत हे त्यांना ठाऊक नव्हते असे थोडेच आहे! एका कलबुतात भागत होते. गावातल्या गावात चालणाऱ्याला ते जोडे चालले. सरळ पात्यांची चकतीही शहरात, बेताच्या वेगाला, बिनबोभाट चालते. वक्र पात्यांच्या चकत्या येतात त्या जड, वेगवान किंवा महागड्या गाड्यांवर, आणि हौसेने बदलून बसवलेल्या संचांत.

अशी चकती बसवायची वेळ येते तेव्हा तीन ठिकाणी घोटाळा होतो.

पहिला घोटाळा ‘डावी’ या शब्दाचा. फिटर गाडीच्या तोंडासमोर उभा असतो. त्याची डावी बाजू ही गाडीची उजवी. खोक्यावरची डावी-उजवी चालकाच्या जागेवर, पुढे तोंड करून बसलेल्या माणसाची असते. हा पेच मराठी माणसाला नवा नसावा. उजव्या सोंडेचा गणपती म्हणजे कोणाची उजवी, बघणाऱ्याची की गणपतीची, यावर घरोघर दर भाद्रपदात एकदा तरी चर्चा होते. उत्तर दोन्हीकडे सारखेच आहे: बघणाऱ्याची नव्हे.

दुसरा घोटाळा जास्त खोल आहे, कारण तो अडाण्याचा नसून विचार करणाऱ्याचा आहे. वक्र पाती हातात घेऊन माणूस विचार करतो, की चकती पुढे फिरताना पात्यांची ओंजळ वाऱ्याला समोरून भिडली पाहिजे, म्हणजे हवा भरभरून आत येईल. हे फावड्याचे तर्कशास्त्र झाले. हवा कडेने आत येतच नाही. ती मध्याकडून येते आणि कडेने बाहेर जाते. म्हणून पाती मध्याकडून कडेकडे जाताना मागे रेललेली हवीत, धावत्या घोड्याची आयाळ मागे उडते तशी. गाडीच्या डाव्या बाजूला उभे राहून पाहिले तर पुढे जाणाऱ्या गाडीचे चाक घड्याळाच्या उलट फिरते, उजव्या बाजूने पाहिले तर घड्याळाप्रमाणे. त्या फिरण्यात पात्याचे आतले टोक पुढे आणि बाहेरचे मागे राहिले पाहिजे. पंपाचा पंखा ज्याने कधी हातात धरला आहे, त्याला हे वाक्य वाचायचीही गरज नाही. इंजिनाच्या काळातला कोल्हापूरचा फिटर आणि आजच्या चकतीचा फिटर यांच्यातला धागा मला इथे दिसतो.

तिसरा घोटाळा वरच्या नक्षीचा. काही चकत्यांच्या पृष्ठभागावर तिरक्या खाचा किंवा भोके असतात. दिसायला तीच ठळक, म्हणून माणूस दिशा त्यांवरून ठरवतो. पण खाचांचे काम पॅडचा पृष्ठभाग साफ ठेवणे आणि घर्षणात निघणारा वायू व भुकटी बाहेर काढणे एवढेच असते; त्यांचा कल कोणीकडे ठेवायचा याबाबत बनवणाऱ्यांत एकमत नाही. दिशा ठरते ती आतल्या पात्यांवरून, आणि ती दिसतात फक्त कडेच्या फटीतून. स्वस्त मालात याहून वाईट प्रकार आढळतो. ओतीव एकाच कोअर-पेटीचे, म्हणजे दोन्ही चकत्यांची पाती एकाच दिशेला वळलेली, आणि वरच्या खाचा तेवढ्या डाव्या-उजव्या कातलेल्या. अशी जोडी कशीही लावली तरी एक चकती उलटीच बसते. खोक्यावर मात्र दोन्ही अक्षरे व्यवस्थित छापलेली असतात. बसवणाऱ्याचा यात काही दोष नसतो. दुसरी कोअर-पेटी न करण्यात वाचलेले पैसे गिऱ्हाइकाच्या माथी मारलेले असतात.

याने बिघडते काय? बाजारात, रंकाळ्याच्या फेरीत, सिग्नलला, काहीच नाही. म्हणून तर हा प्रश्न घाटाचा आहे, आणि कोल्हापूरहून कोकणात उतरायचे म्हणजे घाट चुकत नाही: आंबा, करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबोली. एक साधा हिशोब मांडू. माणसांसह १२०० किलोची गाडी ५०० मीटर खाली उतरली, की सुमारे ५९ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. तेवढ्या उष्णतेत अठरा-एकोणीस लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला येईल. हे पाण्याचे हंडे चार चाकांच्या आड, अर्ध्या तासाच्या आत तापवायचे आहेत. खालच्या गिअरमध्ये उतरणारा चालक त्यातला मोठा वाटा इंजिनावर टाकतो. ‘ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर’ या जुन्या ड्रायव्हरांच्या वाक्यात हेच गणित आहे. जो न्यूट्रलमध्ये पेट्रोल वाचवतो, तो जवळजवळ सगळा वाटा चकत्यांवर टाकतो.

चकती तापली की पॅड तापतात, पॅडमागचा पिस्टन तापतो, त्यामागचे ब्रेक ऑइल तापते. ताजे ‘डॉट ३’ ऑइल २०५ अंशांना उकळते. हवेतला ओलावा पिऊन जुने झालेले तेच ऑइल १४० अंशांच्या आसपासही उकळू शकते. कोकणाच्या पावसाळी हवेत ओलाव्याला तोटा नाही. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. तेल दबत नाही, वाफ दबते. पाय खाली जातो आणि ब्रेक लागत नाही. उलटी चकती एकटी हा अपघात घडवत नाही. पण जुने ऑइल, झिजलेले पॅड, भरलेली गाडी आणि न्यूट्रलची सवय या रांगेत ती पाचवी उभी राहते. आणि एका बाजूची चकती दुसरीपेक्षा जास्त तापली तर दोन चाकांची पकड सारखी राहत नाही, हे वेगळेच.

शेतकऱ्याला धारेने जे लगेच सांगितले, ते चालकाला उतारावर फार उशिरा कळते. म्हणून बघायचे ते आधीच बघावे लागते. नवी चकती आली की खोक्यावरच्या अक्षरावर न थांबता, हब घासून गंज काढण्याआधीच, ती कडेने उभी धरायची, फटीत बॅटरीचा उजेड टाकायचा आणि पाती कुठे वळली आहेत ते पाहायचे. दोन्ही चकत्या शेजारी ठेवल्या तर त्यांची पाती आरशातल्यासारखी एकमेकींच्या उलट दिसली पाहिजेत. सारखी दिसली आणि वक्र असली तर जोडी परत करायची. सरळ असली तर प्रश्नच नाही, कोणतीही कुठेही. बाणाची खूण ओतलेली असेल तर बाण चाक पुढे फिरण्याच्या दिशेला. कॅलिपर उतरवलेच असतील तर तेही आपापल्या बाजूला परत जाताहेत का, हे बघायचे: हवा काढायचा निपल वरच्या अंगाला आला पाहिजे, नाहीतर कितीही पंप मारला तरी आतला बुडबुडा निघत नाही. हे सारे पाहायला पाच मिनिटे लागतात, आणि ती चाक चढवण्याआधीचीच असतात. एकदा चाक चढले की फट झाकली जाते.